शेती, वंशभेद आणि अन्न सार्वभौमत्व : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, शेतकरी, वाचनगटातली मंडळी आणि अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी लोक या विषयावर जे प्रश्न सतत पाठवत असतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कोणताही प्रश्न सुटा वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. अन्न सार्वभौमत्व म्हणजे अन्नसुरक्षाच ना? मग वेगळं नाव कशाला?

दोन्ही एक नाहीत. अन्नसुरक्षेत विचारलं जातं की माणसाला पुरेसं खायला मिळतं का. ते धान्य कोणी पिकवलं, कोणाच्या जमिनीत, कोणत्या अटींवर, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. काय पेरायचं, बियाणं कोणाचं, सातबारा कोणाच्या नावावर, माल कुठे आणि काय भावाने विकायचा, हे ठरवायचा अधिकार पिकवणाऱ्या आणि खाणाऱ्या माणसांकडे असला पाहिजे, ही मागणी म्हणजे अन्न सार्वभौमत्व. 'ला व्हिया कॅम्पेसिना' या शेतकऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९६ मध्ये रोमच्या जागतिक अन्न परिषदेच्या वेळी ती जगापुढे मांडली. २००७ मध्ये आफ्रिकेतल्या माली देशात न्येलेनी परिषद भरली आणि तिथल्या जाहीरनाम्यात या मागणीची नीट मांडणी झाली.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी ही मागणी त्याच्या कितीतरी आधी प्रत्यक्षात जगून दाखवली होती (प्रश्न ९ आणि १०).

२. 'चाळीस एकर आणि एक खेचर' हे सारखं वाचनात येतं. ते नेमकं काय होतं?

यादवी युद्ध संपत आलं असताना, १६ जानेवारी १८६५ रोजी, सरकारी सैन्याचा जनरल शर्मन याने एक लष्करी आदेश काढला. साउथ कॅरोलायना ते फ्लोरिडा या किनारपट्टीवरची सुमारे चार लाख एकर जमीन गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना द्यायची, कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत. खेचराचा उल्लेख आदेशात नव्हता, सैन्याने नंतर काहींना खेचरं दिली. सुमारे चाळीस हजार माणसं त्या जमिनीवर वसली, पेरणी झाली. त्याच वर्षी अब्राहम लिंकन यांची हत्या झाली आणि नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी शरद ऋतूत ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत देऊन टाकली. उभ्या पिकातून लोकांना उठवलं.

दोन गोष्टी याच्या शेजारी ठेवून पाहाव्यात. १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामी संपली, तेव्हा सरकारने भरपाई दिली ती गुलामांच्या मालकांना, डोईमागे ३०० डॉलरपर्यंत. त्याच वर्षीच्या होमस्टेड कायद्याने पुढच्या काही दशकांत सुमारे २७ कोटी एकर सरकारी जमीन, कुटुंबामागे १६० एकर या प्रमाणात, वाटली. मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली ही जमीन बहुतांशी गोऱ्या कुटुंबांना मिळाली. म्हणजे सरकार जमीन वाटत होतं. फक्त कोणाला वाटायची हे ठरलेलं होतं.

३. सरकारने दिली नाही, तर कृष्णवर्णीयांकडे जमीन आली कुठून?

विकत घेतली. बटाईने राबून, बायकांनी धुणीभांडी करून, चर्चच्या भिशीसारख्या मंडळांतून पैसा जमवून. गुलामी संपल्यावर अवघ्या ४५ वर्षांत, १९१० पर्यंत, त्यांच्या मालकीची जमीन सुमारे दीड कोटी एकरांवर गेली होती. १९२० मध्ये देशात सुमारे ९ लाख २६ हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते, म्हणजे दर सातांतला एक. यात मालक आणि बटाईदार दोन्ही आले.

ज्यांना वाचायला शिकवणं हाही एकेकाळी गुन्हा ठरवला गेला होता, त्या लोकांनी हे केलं. या विषयावर बोलताना सुरुवात नेहमी 'अन्याय' या शब्दाने होते. मला वाटतं, ती या कर्तबगारीपासून व्हायला हवी.

४. मग एवढी जमीन गेली कशी?

एका फटक्यात गेली नाही. चार वाटांनी गेली.

पहिली वाट कर्जाची. मळ्याच्या दुकानातून बी, खत, पीठ, कापड उधार घ्यायचं, व्याज दुकानदार सांगेल ते, आणि कापूस निघाला की हिशोबही त्याच्याच वहीत. तारण म्हणून उभं पीकच लिहून दिलेलं असायचं. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला यातलं काही समजावून सांगावं लागू नये.

दुसरी दहशतीची. साउथ कॅरोलायनातल्या ॲबेव्हिल गावी अँथनी क्रॉफर्ड नावाचे शेतकरी होते. गुलामीत जन्मलेले, आणि स्वतःच्या हिमतीवर ४२७ एकरांचे मालक झालेले. ऑक्टोबर १९१६ मध्ये ते सरकी विकायला बाजारात गेले. भावावरून गोऱ्या व्यापाऱ्याशी वाद झाला आणि त्यांनी पडेल भावाला माल द्यायला नकार दिला. जमावाने त्यांना मारहाण केली, फासावर लटकवलं, वर गोळ्या घातल्या. कुटुंबाला गाव सोडून जाण्याचं फर्मान निघालं. खून खटल्याविना जिरला. आपल्या मालाचा भाव आपण सांगितला, हा त्यांचा गुन्हा होता.

तिसरी वाट सरकारी कचेरीची. १९३३ पासून पिकाचं क्षेत्र कमी केल्याबद्दल सरकार अनुदान देऊ लागलं, पण पैसे जमीनमालकाच्या हाती पडले आणि बटाईदारांना मालकांनी हाकलून दिलं. पुढे कर्ज आणि अनुदानं स्थानिक शेतकऱ्यांतून निवडून आलेल्या जिल्हा समित्यांच्या हाती राहिली. या समित्या म्हणजे गावातल्या बड्या गोऱ्या शेतकऱ्यांची मक्तेदारी होती (प्रश्न ६).

चौथी वाट वारसाहक्काच्या कायद्याची. ती सगळ्यांत कमी माहीत असलेली आहे, म्हणून तिला वेगळं उत्तर दिलं आहे (प्रश्न ५).

२०२२ मध्ये अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने १९२० ते १९९७ या काळात गेलेल्या जमिनीचं मोल सुमारे ३२६ अब्ज डॉलर काढलं. त्या जमिनीच्या तारणावर जी घरं, शिक्षणं, दुकानं उभी राहू शकली असती, ती कशातच मोजता येत नाहीत.

५. मृत्युपत्र नव्हतं म्हणून जमीन गेली, हे कसं? आपल्याकडे वारसनोंद होते की.

अमेरिकेच्या दक्षिणेत बऱ्याच कृष्णवर्णीय कुटुंबांत मृत्युपत्र केलं जात नसे. गोरा वकील आणि गोरं न्यायालय यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा? मृत्युपत्र नसलं की जमीन सगळ्या वारसांची सामाईक होते.

समजा आजोबांची चाळीस एकर जमीन आहे. सहा मुलं, त्यांची प्रत्येकी चार. तिसऱ्या पिढीत चोवीस हिस्सेदार झाले. चौथ्या पिढीत प्रत्येकाला चार मुलं असतील तर शहाण्णव. त्यांतले बरेचसे शिकागो, डेट्रॉईटला गेलेले, काहींनी ती जमीन पाहिलेलीही नाही. आता एक बिल्डर शिकागोतल्या एका पणतूला गाठतो आणि त्याचा शहाण्णवावा हिस्सा किरकोळ पैशांत विकत घेतो. त्या हिश्शाच्या जोरावर तो न्यायालयात वाटणी मागतो. न्यायाधीश म्हणतात, एवढ्या लोकांत सरस-निरस पाहून वाटणी करणं शक्य नाही, अख्खी जमीन लिलावात काढा. लिलावात रोख पैसा एकट्या बिल्डरकडे असतो. जन्मभर ती कसणारी, कर भरणारी आत्या एका दिवसात बेघर होते, आणि सगळं कायद्याने होतं.

आपल्याकडे सामाईक खात्यात भाऊबंदकी होते, कज्जे वर्षानुवर्षं चालतात, तरी एवढी सहज लिलावाची पाळी येत नाही.

यावर उपाय निघाला आहे. २०१० मध्ये एक नमुना कायदा तयार झाला. त्याच्या मसुद्यामागे थॉमस मिचेल या कायद्याच्या प्राध्यापकांचं काम आहे. त्यानुसार आधी जमिनीचं स्वतंत्र मूल्यांकन करायचं, मग वाटणी मागणाऱ्याचा हिस्सा विकत घेण्याची पहिली संधी बाकी वारसांना द्यायची, आणि तरीही विक्री झालीच तर ती खुल्या बाजारभावाने. अनेक राज्यांनी तो स्वीकारला आहे. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये २००५ पासून याच कामासाठी वकिलांची एक संस्था चालते.

६. कृषी खात्याने भेदभाव केला हे सिद्ध झालंय, की नुसता आरोप आहे?

खुद्द सरकारी कागदपत्रांतून पुढे आलं आहे. अमेरिकी नागरी हक्क आयोगाने १९६५ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये यावर अहवाल दिले. १९८३ मध्ये कृषी खात्याने तक्रारींची चौकशी करणारा आपला नागरी हक्क विभागच बंद केला. तक्रारी येत राहिल्या आणि पडून राहिल्या. विभाग पुन्हा सुरू झाला तो १९९६ मध्ये.

१९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे शेतकरी टिमोथी पिगफर्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी कृषिमंत्री डॅन ग्लिकमन यांच्याविरुद्ध दावा लावला. १४ एप्रिल १९९९ रोजी न्यायाधीश पॉल फ्रीडमन यांनी तडजोडीला मंजुरी दिली. (तारीख वाचून आपल्याकडचा कोणीही क्षणभर थांबेल.) त्या निकालपत्रात नोंदलेल्या गोष्टी वाचाव्यात अशा आहेत. आग्नेयेकडच्या काही राज्यांत कृष्णवर्णीयाच्या अर्जाला गोऱ्याच्या तिप्पट वेळ लागत होता. जिल्हा समित्यांच्या देशभरातल्या आठ हजारांहून अधिक सदस्यांत कृष्णवर्णीय फक्त ३७ होते. कर्ज मंजूर झालं तरी पैसे अशा खात्यात ठेवले जात, की प्रत्येक वेळी काढताना अधिकाऱ्याची सही लागे.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगते : पेरणीचं कर्ज जुलैत मिळणं म्हणजे कर्ज नाकारणंच. नकाराचं पत्र द्यावं लागत नाही, आणि शेत मात्र हातचं जातं.

७. पिगफर्ड खटल्यात भरपाई मिळाली ना? खोटे दावेही झाले म्हणतात.

१९८१ ते १९९६ या काळातल्या भेदभावासाठी (प्रश्न ६) सोप्या मार्गाने दावा करणाऱ्याला ५० हजार डॉलर आणि सरकारी कर्जात सवलत, अशी सोय होती. ग्राह्य धरलेल्या सुमारे साडेबावीस हजार दाव्यांपैकी साडेपंधरा हजारांच्या आसपास मंजूर झाले.

खरी अडचण पुराव्यात होती. आपल्याच परिस्थितीतल्या एखाद्या गोऱ्या शेतकऱ्याला कर्ज मिळालं, हे नाव घेऊन दाखवावं लागे. शेजाऱ्याला किती कर्ज मिळालं याचे कागद कोणाकडे असणार? ते कृषी खात्याकडे होते. शिवाय हजारो लोकांना मुदतीबद्दल उशिरा कळलं. त्यांच्यासाठी २०१० मध्ये संसदेने दुसरी फेरी मंजूर केली, एकूण १.२५ अब्ज डॉलरची, आणि त्यातून सुमारे १८ हजार जणांना भरपाई मिळाली.

खोटे दावे झाले का? काही झाले, आणि त्यात लोकांना शिक्षाही झाल्या. पण पहिल्या फेरीत जवळपास तिसरा हिस्सा दावे नाकारले गेले, हेही त्याच दमात सांगायला हवं. ५० हजार डॉलरमध्ये गेलेलं शेत परत येत नाही, एक बरा ट्रॅक्टर जेमतेम येतो.

मूळ अमेरिकी शेतकऱ्यांचा किप्सीगल हा असाच खटला २०१० मध्ये ७६ कोटी डॉलरवर मिटला.

८. छोटे शेतकरी तर गोरेही बुडाले. यात वंश कुठे आला?

गोरेही बुडाले, हे खरं आहे. यांत्रिकीकरण, पडलेले भाव, बड्या कंपन्या यांनी सगळ्यांनाच मारलं. १९२० ते १९९७ मध्ये गोऱ्यांची शेतं साधारण ५५ लाखांवरून २० लाखांच्या आत आली. त्याच काळात कृष्णवर्णीयांची सव्वानऊ लाखांवरून सुमारे साडेअठरा हजारांवर आली. पहिल्या गटात तीनातला एक टिकला, दुसऱ्यात पन्नासातला एक. वादळ एकच होतं, पण छप्पर आधीच कोणाचं काढून नेलं होतं ते प्रश्न ४ मध्ये दिलं आहे.

८-अ. पण आता हा आकडा ४६ हजारांवर गेलाय. म्हणजे सुधारणा झाली ना?

२०२२ च्या कृषी गणनेत ४६,७३८ कृष्णवर्णीय उत्पादक नोंदले गेले, एकूण सुमारे ३४ लाखांपैकी. पण मोजण्याची पद्धत बदलली आहे. पूर्वी एका शेतामागे एकच माणूस मोजत, आता चारांपर्यंत मोजतात. त्यामुळे १९९७ आणि २०२२ हे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. २०१७ आणि २०२२ ठेवता येतात, आणि त्यात घट दिसते.

९. फॅनी लू हेमर मतदानाच्या चळवळीतल्या ना? त्यांचा शेतीशी काय संबंध?

सगळा संबंध शेतीशीच आहे. मिसिसिपीतल्या बटाईदाराच्या घरातलं हे विसावं अपत्य. सहाव्या वर्षी कापूस वेचायला लागल्या. ऑगस्ट १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला त्या इंडियानोला गावी गेल्या. संध्याकाळी घरी परतल्या तर मळ्याचा मालक दारात : नाव मागे घे, नाहीतर चालती हो. अठरा वर्षं राबलेली जागा त्यांनी त्याच रात्री सोडली.

यातून त्यांना जे उमगलं तेच मला या साऱ्या विषयाचं मर्म वाटतं. ज्याच्या जमिनीवर तुमची चूल पेटते, त्याच्या मर्जीबाहेर तुम्ही मत देऊ शकत नाही. म्हणून १९६९ मध्ये त्यांनी सनफ्लॉवर काउंटीत 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती सुरू केली. सुरुवातीला चाळीस एकर, पुढे साडेसहाशेच्या वर. काही रानात कापूस आणि सोयाबीन, कर्जाचे हप्ते फेडायला. बाकी रानात घेवडे, चवळी, भोपळे, भेंडी, पालेभाज्या. त्या ज्याला लागतील त्याने न्यायच्या. शिवाय डुकरांची एक 'बँक' होती : गाभण मादी कुटुंबाला द्यायची, व्यायल्यावर काही पिल्लं बँकेला परत करायची, ती पुढच्या कुटुंबाला. हिवाळ्यासाठी चारशे बरण्या भाजी घरात भरलेली असली की तुम्हाला कोणी दमात घेऊ शकत नाही, अशा अर्थाचं त्या म्हणत.

पूर, दुष्काळ, कर्ज आणि आटत गेलेल्या देणग्या यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यात शेती मोडली. १९७७ मध्ये हेमर गेल्या. कोणी विचारतं, मग प्रयोग फसला का? सात-आठ वर्षं शेकडो कुटुंबं मालकाला न विचारता जेवली. याला मी फसणं म्हणणार नाही.

१०. विनोबांच्या ग्रामदानाचा अमेरिकेत प्रयोग झाला, हे खरं का?

ग्रामदानातून प्रेरणा घेतली गेली, हे खरं. जॉर्जियात चार्ल्स आणि शर्ली शेरॉड व त्यांच्या साथीदारांनी १९६९ मध्ये 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था काढली. त्यांच्यासोबत असलेले बॉब स्वान यांनी ग्रामदानाचा अभ्यास केला होता. इस्रायलमधली भाडेपट्ट्याची पद्धतही काही जण पाहून आले. ठरलं ते असं : जमीन ट्रस्टच्या नावे, वहिवाट कुटुंबाची, विकण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणजे प्रश्न ५ मधला बिल्डर दारातच अडला.

५,७०० एकरांहून मोठी, त्या काळी देशातली कृष्णवर्णीयांच्या हातातली बहुधा सर्वांत मोठी सलग जमीन. शर्ली यांचे वडील १९६५ मध्ये गुरांवरच्या वादात गोऱ्या शेजाऱ्याच्या गोळीने गेले होते आणि कोणावरही खटला उभा राहिला नव्हता. गाव सोडून जाण्याऐवजी त्यांनी तिथेच राहून काम करायचं ठरवलं. पुढे दुष्काळ पडला. सिंचनासाठीचं तातडीचं कर्ज कृषी खात्याच्या कचेरीने अडवून धरलं आणि १९८५ मध्ये जमीन जप्त झाली. २००९ मध्ये पिगफर्ड प्रक्रियेतूनच (प्रश्न ६ आणि ७) संस्थेला सुमारे १.२ कोटी डॉलर मिळाले. त्यातून २०११ मध्ये त्यांनी सोळाशे एकरांहून मोठी एक इस्टेट घेतली, जी एकेकाळी एका बड्या गुलाममालकाची होती.

११. शहरात राहणाऱ्यांचा यात काय संबंध?

डेट्रॉईटमध्ये कृष्णवर्णीय वस्त्यांतून मोठी किराणा दुकानं निघून गेली. उरली ती पेट्रोल पंपावरची वेफर्सची पाकिटं. २००६ पासून तिथे एक कृष्णवर्णीय अन्न सार्वभौमत्व संघटना काम करते. तिचं रूज पार्कमध्ये सात एकरांचं शेत आहे, आणि २०२४ मध्ये तिच्या पुढाकारातून ग्राहकांच्याच मालकीचं सहकारी किराणा दुकान उघडलं. अशा वस्त्यांना 'अन्नाचं वाळवंट' म्हणतात, पण वाळवंट निसर्ग बनवतो. न्यूयॉर्कच्या शेतकरी-कार्यकर्त्या कॅरन वॉशिंग्टन त्याऐवजी 'फूड अपार्थाइड', म्हणजे अन्नातला वर्णभेद, म्हणतात, आणि तेच बरोबर आहे.

१२. कृष्णवर्णीयांनाच वेगळी मदत दिली, तर तो उलटा भेदभाव नाही का?

अमेरिकी न्यायालयांत नेमका हाच मुद्दा गाजला. २०२१ मध्ये कृष्णवर्णीय, मूळ अमेरिकी, लॅटिनो आणि आशियाई शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी ४ अब्ज डॉलर मंजूर झाले. गोऱ्या शेतकऱ्यांनी दावे लावले, न्यायालयांनी वाटप थांबवलं, आणि २०२२ मध्ये ती तरतूदच रद्द झाली. त्याऐवजी वंशाचा उल्लेख न करता, 'कृषी खात्याच्या कर्जात ज्याच्यावर भेदभाव झाला तो' अशा सर्वांसाठी मदत ठेवली गेली. जुलै २०२४ मध्ये ४३ हजारांहून अधिक जणांना सुमारे २ अब्ज डॉलर मिळाले. जुलै २०२५ मध्ये कृषी खात्याने वंश वा लिंग पाहून 'सामाजिकदृष्ट्या वंचित' शेतकरी ठरवण्याची पद्धत आपल्या योजनांतून काढून टाकली.

माझं मत विचाराल तर, शंभर वर्षं रंग पाहून नुकसान केलं आणि भरपाईच्या दिवशी रंग पाहायचा नाही म्हणायचं, हा न्याय नाही.

१३. अमेरिकेत भारतीय शेतकऱ्यांनाही असं सोसावं लागलं का?

हो. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने, ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परदेशीयांना शेतजमीन घेता येईना. रोख मुख्यतः जपान्यांवर होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय 'गोरे' नाहीत असं ठरवलं, आणि पंजाबी शेतकरीही त्या कायद्यात सापडले. नागरिकत्वाची वाट खुली झाली ती १९४६ मध्ये.

१४. महाराष्ट्राशी याचा खरा धागा आहे, की ओढूनताणून जोडलाय?

धागे आहेत, आणि जुने आहेत. अमेरिकी यादवी युद्धात गुलामांनी पिकवलेला कापूस मँचेस्टरला मिळेना, तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडच्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची चौकशी केली, आणि त्यांना उत्तरही आलं. १९७२ च्या दलित पँथरने नाव कुठून घेतलं ते सांगायला नको.

मात्र जात म्हणजेच वंश, असं थेट समीकरण मी मांडत नाही. जातीला शुद्ध-अशुद्धाचा आधार आहे, गावकीतली सक्तीची कामं आहेत. गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबाचा झगडा त्याच्याच कायद्यांत समजून घ्यावा लागतो. साम्य आहे ते कचेरीत : कागद कोणाच्या नावावर, आणि सही कोणाच्या हातात.

१५. भेंडी आफ्रिकेतून आली म्हणतात. खरं का?

भेंडीच्या मूळ स्थानाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. पण चवळी, ज्वारी आणि बाजरी नक्कीच आफ्रिकी शेतकऱ्यांनी प्रथम लागवडीखाली आणली. साउथ कॅरोलायनाची भातशेतीही पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या, भाताचं खाचर बांधणं जाणणाऱ्या माणसांनी उभी केली. त्यांना नुसते मजूर म्हणणं चूक आहे, ते शेतीतले जाणकार होते.

१६. मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. या शेतकऱ्यांकडून माल कसा घ्यायचा?

डरहॅम आणि रॅले या गावांत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा स्वतःचा बाजार भरतो. तिथे जा, आणि तुम्हाला काय लागतं ते सांगा. अंबाडी, मेथी, कोवळी भेंडी, लाल माठ यांना पन्नास मराठी घरांचं पक्कं गिऱ्हाईक आहे असं कळलं, तर पेरणारे मिळतात.

दुसरी वाट वर्गणीची. हंगामाआधी पैसे भरायचे आणि दर आठवड्याला भाजीची पेटी न्यायची. टस्कीगीचे प्राध्यापक बुकर व्हॉटली यांनी छोट्या शेतकऱ्यांना अशी सभासद-गिऱ्हाइकं जोडायला सांगितलं होतं. टस्कीगी म्हणजे कार्व्हर यांची संस्था, मराठी घरांत ते नाव ओळखीचं आहे. जमल्यास पैसे फेब्रुवारीतच भरा. बी-बियाण्याला रोख तेव्हाच लागते, आणि ज्यांच्या हाती पैसा आहे त्यांना बँकेच्या दारात जावं लागत नाही.